ट्रान्झिट व्हिसा नाही आणि लेओव्हरमध्ये कंपनी, टर्मिनल दोन्ही बदलायचंय: अडतं कुठे, सुटतं कसं

"मी विमानतळाच्या बाहेर पाऊलही टाकणार नाही, मग व्हिसा कशाला?" चेक-इन काउंटरवर हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि रोज कुणाला तरी बोर्डिंग पास न घेता परतावं लागतं. विचारणारा खोटं बोलत नसतो. बाहेर पडायचा त्याचा खरंच विचार नसतो. पण त्याची बॅग बाहेर पडणार असते. किंवा पुढच्या कंपनीचा काउंटर बाहेर असतो. किंवा पुढच्या टर्मिनलला जाणारी गाडी बाहेरून सुटते. आणि यांतल्या एकासाठी जरी तो बाहेर गेला, तरी वाटेत इमिग्रेशन आहेच.

म्हणून "अमुक देशात लेओव्हरला (विमान बदलण्यासाठीच्या मधल्या थांब्याला) व्हिसा लागतो का" हा प्रश्न अर्धवट आहे. विचारायचं ते असं: पहिल्या विमानातून उतरल्यापासून दुसऱ्या विमानात बसेपर्यंत कुठेही मला इमिग्रेशनची रेघ ओलांडावी लागते का? लागत नसेल तर त्या देशाचा फक्त एअरसाइड ट्रान्झिटचा नियम बघायचा. लागत असेल तर थांबा दोन तासांचा असो की वीस तासांचा, तुम्ही त्या देशात प्रवेश करताय, आणि प्रवेशाची परवानगी हवी. (एअरसाइड म्हणजे रेघेच्या आतली, विमानांकडची बाजू, लँडसाइड म्हणजे बाहेरची, रस्त्याकडची.)

आधी बघा: तिकीट एक की दोन

बुकिंगच्या ईमेलमध्ये सगळी उड्डाणं एका पानावर आहेत म्हणून तिकीट एक असेल असं नाही. खूण आहे ती ई-तिकीट क्रमांकाची. हा 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: 176 एमिरेट्स, 157 कतार एअरवेज, 220 लुफ्तान्सा, 618 सिंगापूर एअरलाइन्स, 098 एअर इंडिया. दोन्ही उड्डाणांसमोर तोच क्रमांक असेल तर तिकीट एक, मग विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची का असेनात. एका तिकिटात चारच कूपन (प्रत्येक उड्डाणाला एक) मावतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात लागोपाठचे दोन क्रमांक दिसू शकतात. ते जोडतिकीट, त्याची काळजी नको. पण पहिले तीन आकडेच वेगळे असतील, किंवा एका उड्डाणासमोर असा क्रमांकच नसून नुसता सहा अक्षरी पीएनआर, म्हणजे बुकिंग क्रमांक, असेल (स्वस्त कंपन्यांचं बरेचदा असंच असतं), तर तुमच्या हातात दोन स्वतंत्र प्रवास आहेत.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास लेओव्हरच्या शहरातच संपतो. तिच्या दृष्टीने तुम्ही ट्रान्झिट प्रवासी नाहीच, त्या देशात चाललेले पाहुणे आहात. काउंटरवरचा माणूस व्हिसा मागतो तो याच हिशेबाने.

बुकिंग साइटवर "सेल्फ ट्रान्सफर" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ही दोन तिकिटंच. काही साइट त्यासोबत कनेक्शनची हमीही विकतात. विमान चुकलं तर ती उपयोगी पडते, पण ती हमी पैशाची असते, व्हिसाची नसते. कागदपत्रांमुळे अडलेल्याला ती लागू होत नाही.

बॅग: सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात

काउंटरवर बॅगेला पट्टी लागते तेव्हा फोन खिशात ठेवा आणि पट्टी वाचा. सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला तीन अक्षरी कोड म्हणजे बॅगेचा शेवटचा मुक्काम. मधला थांबा असेल तर तो त्याच पट्टीवर, बारीक अक्षरांत. ठळक कोड तुमच्या अंतिम शहराचा असेल तर बॅग आतल्या आत पुढे जाईल. तो लेओव्हरच्या शहराचा असेल तर बॅग तिथल्या पट्ट्यावर येईल, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, आणि तुम्ही अलीकडे. काउंटर सोडल्यावर हे दुरुस्त करणं फार अवघड. त्याच मिनिटाला बोला.

उपाय तीन, आणि माझ्या मते याच क्रमाने करून बघावेत.

पहिला म्हणजे चेक-इन बॅग न नेणं. ऐकायला सोपं आहे, पण दोन कंपन्यांची केबिन मर्यादा वेगळी असते आणि तुम्हाला त्यातली लहान पाळायची असते. लुफ्तान्साच्या इकॉनॉमीत 8 किलो चालतात, स्कूटवर 10, एअरएशियावर 7. पहिल्या कंपनीने वजन केलं नाही म्हणून दुसरी करणार नाही असं नाही; ट्रान्सफर डेस्कवर काटा असतो, आणि तिथे जास्तीचं वजन निघालं की पुन्हा "चेक-इन करा" हाच सल्ला मिळतो. आणखी एक गोची: विमान भरलेलं असलं की गेटवरच केबिन बॅग काढून घेऊन खाली टाकतात. तिला लागणारी पट्टी बहुतेक वेळा त्याच उड्डाणाच्या शेवटापर्यंतची असते, म्हणजे बॅग पट्ट्यावर. गेटवर मागितली तर स्पष्ट सांगा: पुढे वेगळ्या तिकिटावर कनेक्शन आहे, त्या देशाचा व्हिसा नाही, बॅग बाहेर घेता येणार नाही. हे ऐकलं की सहसा दुसऱ्या कुणाची तरी बॅग घेतात.

दुसरा उपाय, दोन तिकिटं असूनही बॅग शेवटपर्यंत पाठवायला लावणं. त्यासाठी दोन्ही कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार (एकमेकींचे प्रवासी आणि सामान पुढे नेण्याचा) हवा, आणि करार असूनही वेगळ्या तिकिटांवर बॅग जोडायला कंपनीचं धोरण आड येता कामा नये. एकाच अलायन्समध्ये, म्हणजे कंपन्यांच्या गटात, आहेत म्हणून होईलच असं धरून चालू नका. अलायन्समधल्याही काही कंपन्या वेगळ्या तिकिटांना साफ नकार देतात. स्वस्त कंपन्यांचे बहुधा कुणाशी करारच नसतात. फोनवरच्या "हो, होईल"ला काउंटरवर काही किंमत नसते, तेव्हा उत्तर ईमेल किंवा चॅटवर मिळवा आणि जवळ ठेवा. काउंटरवर दुसऱ्या उड्डाणाचा पीएनआर सांगून भागत नाही; तिथे ई-तिकीट क्रमांक लागतो, तो कागदावर लिहून न्या.

तिसरा उपाय म्हणजे ट्रान्सफर डेस्कवर बॅगेच्या पावतीवरचा दहा आकडी क्रमांक देऊन "ही बॅग काढून पुढच्या विमानाची पट्टी लावा" अशी विनंती करणं. काही विमानतळांवर ग्राउंड हँडलिंगवाले करतात, बऱ्याच ठिकाणी नाही. हे सौजन्य आहे, हक्क नाही, आणि वेळ खातं. यावर विसंबून तिकीट काढू नये.

बोर्डिंग पास: बॅग नसली तरी हा प्रश्न उरतोच

नुसती केबिन बॅग आहे, टर्मिनलही तेच आहे, तरी अडू शकतं. दुसऱ्या कंपनीचा बोर्डिंग पास कुठे मिळणार? मोठ्या विमानतळांवर एअरसाइड ट्रान्सफर डेस्क असतात आणि मोठ्या कंपन्यांची माणसं तिथे बसतात. स्वस्त कंपन्या मात्र बहुधा "पॉइंट टू पॉइंट" चालतात, म्हणजे प्रत्येक उड्डाण सुटं धरतात. त्यांचा एकमेव काउंटर बाहेरच्या हॉलमध्ये असतो.

मग मोबाइलवर चेक-इन करायचं. इथे दोन गोष्टी तपासा. मोबाइल पास त्या विमानतळावर चालतो का, की छापील कागदच हवा. आणि पासवर कागदपत्र तपासणीचा शेरा आहे का. ज्यांना पुढच्या देशाचा व्हिसा लागतो त्यांचा ऑनलाइन पास पुष्कळ कंपन्या अर्धवटच देतात: आधी काउंटरवर पासपोर्ट दाखवा, शिक्का घ्या, मगच गेटवर या. तो काउंटर बाहेर असेल तर मोबाइल पासचा काही उपयोग नाही. कंपनीला नेमका प्रश्न विचारा: "माझी कागदपत्रं ट्रान्सफर डेस्कवर किंवा गेटवर तपासली जातील का?" "ऑनलाइन चेक-इन होतं का" असं विचारलंत तर "होतं" एवढंच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल.

टर्मिनल, आणि एका शहराचे दोन विमानतळ

नकाशावर टर्मिनलं किती जवळ आहेत याला अर्थ नाही. बघायचं ते इतकंच, की त्यांना जोडणारी वाट रेघेच्या आतून जाते की बाहेरून.

आतून जाणाऱ्या वाटा: सिंगापूरच्या चांगीवर टर्मिनल 1, 2 आणि 3 स्कायट्रेनने जोडलेली आहेत, टर्मिनल 4 साठी एअरसाइड बस आहे. सोलच्या इंचॉनला टर्मिनल 1 आणि 2 यांच्यात ट्रान्झिट प्रवाशांसाठी आतली गाडी धावते. हीथ्रोवर जांभळ्या रंगाच्या "फ्लाइट कनेक्शन्स" पाट्यांमागे गेलात की एअरसाइड बस मिळते. दुबईचं टर्मिनल 2 धावपट्टीच्या पलीकडे आहे, पण तिथेही आतली बस आहे. फ्रँकफुर्टला टर्मिनलांमधल्या स्कायलाइन गाडीत शेंगेनबाहेरच्या (शेंगेन म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेले युरोपीय देश) ट्रान्झिट प्रवाशांची वेगळी सोय आहे.

बाहेरून जाणारी, आणि म्हणूनच सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे क्वालालंपूर. टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 (2014 मध्ये उघडलं तेव्हाचं नाव केएलआयए 2) यांच्यात आतून वाटच नाही. ट्रेनने तीन मिनिटांचं अंतर, पण ट्रेन लँडसाइडला. एअरएशिया टर्मिनल 2 वरून उडते, बाकीच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्या टर्मिनल 1 वरून; त्यामुळे पूर्ण सेवेची कंपनी अधिक एअरएशिया असं जोडलेलं स्वस्त तिकीट घेतलं की मलेशियात प्रवेश अटळ. तुमच्या पासपोर्टला तिथे व्हिसामुक्त प्रवेश असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त येण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरून ठेवा आणि इमिग्रेशनच्या रांगेचा वेळ धरा. प्रवेश नसेल तर ही जोडी घेऊच नका, कितीही स्वस्त दिसली तरी.

पॅरिसच्या शार्ल द गोलवर पाट्या नीट वाचाव्या लागतात. टर्मिनलं जोडणारी सीडीजीव्हॅल ही फुकट गाडी सार्वजनिक, म्हणजे बाहेरच्या भागात धावते. व्हिसा नसणाऱ्याने "बाहेर" आणि "सामान" या पाट्यांकडे न वळता "करस्पाँडन्स" म्हणजे कनेक्शनच्या पाट्या धरायच्या, आणि आपल्या टर्मिनलांच्या जोडीला आतली वाट आहे याची खातरजमा तिकीट काढण्याआधीच करायची.

आता विमानतळच वेगळे असतील तर वाद संपला. बुकिंग साइट शहराच्या नावाने शोधतात, त्यामुळे लंडन म्हणजे हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन किंवा सिटी. टोक्यो म्हणजे नारिता किंवा हानेदा. बँकॉक म्हणजे सुवर्णभूमी किंवा डॉन मुआंग. इस्तंबूल म्हणजे युरोपातला नवा विमानतळ किंवा आशियाच्या बाजूचा साबिहा गोकचेन. दुबईतही डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी असे दोन कोडांचे दोन विमानतळ आहेत. शहर तेच असलं तरी मधे रस्ता आहे, आणि रस्ता त्या देशात आहे. तिकीट एकच असलं, बॅग शेवटपर्यंत टॅग झाली, तरी यातून सुटका नाही. तेव्हा शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा: उतरताना एलएचआर (हीथ्रो) आणि निघताना एलजीडब्ल्यू (गॅटविक) दिसलं की प्रवेशाची परवानगी लागलीच.

घड्याळ

सवलती तासांत मोजल्या जातात, पण मोजायची पद्धत देशागणिक वेगळी. ब्रिटनची लँडसाइड व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत (तीही ठरावीक व्हिसा किंवा निवास परवाना असणाऱ्यांनाच) दुसऱ्या दिवशी रात्री 11:59 पर्यंत असते. म्हणजे रात्री 11 ला उतरलेल्याला पंचवीस तास, सकाळी 6 ला उतरलेल्याला जवळजवळ बेचाळीस. चीनमध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत. 24 तासांची सवलत जवळपास सगळ्या पासपोर्टांना आहे. 240 तासांची, 17 डिसेंबर 2024 पासूनची, फक्त ठरावीक देशांच्या पासपोर्टांना मिळते आणि तिचे तास प्रवेशानंतरच्या पहिल्या मध्यरात्रीपासून मोजतात. दोन्हींत पुढचं उड्डाण तिसऱ्या देशाचं हवं. आलात त्याच देशात परत जाणं हे ट्रान्झिट धरत नाहीत.

रात्रीचा थांबा वेगळाच घोळ करतो. एअरसाइड भाग सगळीकडे रात्रभर उघडा नसतो. नारितावर मध्यरात्रीच्या सुमाराला विमानं थांबतात आणि ट्रान्झिट भागात झोपून सकाळचं विमान धरता येत नाही. बाहेर यावंच लागतं. रात्री 10 ते सकाळी 9 असा लेओव्हर असेल तर विमानतळाच्या संकेतस्थळावर "ट्रान्झिट भाग रात्री उघडा आहे का" हे शोधा. "विमानतळ 24 तास उघडा" एवढ्याने समाधान मानू नका, तो उघडा भाग बाहेरचा हॉल असू शकतो.

कनेक्शनचा किमान वेळ, ज्याला एमसीटी म्हणतात, तो टर्मिनलांच्या जोडीनुसार आणि कंपनीनुसार ठरलेला असतो. तो एका तिकिटासाठी असतो. दोन तिकिटांवर त्याचा आधार नाही: पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीसाठी तुम्ही नुसते गैरहजर, आणि त्या तिकिटातला परतीचा भागही बहुधा रद्द होतो. टर्मिनल बदलून ट्रान्सफर डेस्कवर पास घ्यायचा असेल तर चार तासांपेक्षा कमी अंतर मी कुणालाच सुचवणार नाही.

ज्या देशांत आत राहूनही परवानगी लागते

अमेरिकेत आंतरराष्ट्रीय ट्रान्झिटसाठी वेगळा भागच नाही. व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सोय ऑगस्ट 2003 मध्ये बंद झाली. मायामी किंवा ह्यूस्टनमार्गे दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्यालाही इमिग्रेशन पार करावंच लागतं, आणि बरेचदा बॅग उचलून पुन्हा द्यावीही लागते. पट्टीवर अंतिम शहराचा कोड असला तरीही. पासपोर्टनुसार सी-1 हा ट्रान्झिट व्हिसा किंवा दुसरा चालणारा व्हिसा, नाहीतर एस्टा ही ऑनलाइन परवानगी. इथे कुठलीही युक्ती चालत नाही.

कॅनडातही आत थांबलात तरी पासपोर्टनुसार ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) किंवा व्हिसा लागतो. 48 तासांपर्यंतचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आहे, पण अर्ज मात्र आधी करायचा. ऑस्ट्रेलियाचा 771 उपवर्गाचा ट्रान्झिट व्हिसाही फुकट, 72 तासांपर्यंत.

ब्रिटनमध्ये दोन व्हिसे आहेत आणि लोक चुकीचा काढतात. डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसावर इमिग्रेशन ओलांडता येत नाही. बॅग घ्यायची असेल किंवा हीथ्रोवरून गॅटविकला जायचं असेल तर व्हिजिटर इन ट्रान्झिट हवा. बॅगेच्या पट्टीची खात्री नसताना पहिला काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

शेंगेनमध्ये हाच फरक ए आणि सी व्हिसात. ए व्हिसा फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागापुरता, सी प्रवेश देणारा. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, इराण, इराक, नायजेरिया, घाना, इथिओपिया, इरिट्रिया, सोमालिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या 12 देशांच्या पासपोर्टांना तो सगळ्या शेंगेन देशांत लागतो (काही देशांचे व्हिसे किंवा निवास परवाने जवळ असले तर सूट मिळते). शिवाय प्रत्येक देश आपल्यापुरती नावं वाढवतो, आणि ती यादी बदलत राहते. पण खरी मेख वेगळीच आहे: प्रवासात दोन शेंगेन विमानतळ लागले की ए व्हिसाचा उपयोग संपतो. बँकॉक–फ्रँकफुर्ट–लिस्बन–साओ पाउलो घ्या. तिकीट एक, बॅग थेट, टर्मिनलचा त्रास नाही. तरीही फ्रँकफुर्ट–लिस्बन हे उड्डाण शेंगेनच्या लेखी देशांतर्गत आहे, म्हणून फ्रँकफुर्टलाच प्रवेशाचा शिक्का किंवा नोंद, म्हणजे सी व्हिसा हवा. ऑक्टोबर 2025 पासून प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी ईईएस प्रणाली सुरू झाली आहे, तेव्हा प्रवेश करणार असाल तर रांगेला जास्त वेळ धरा.

सी व्हिसा आधीच असेल तर दोन गोष्टी बघा. वैधता लेओव्हरच्या दिवशी सुरू झालेली आहे ना (पुष्कळदा ती मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, आणि विमान आदल्या रात्री उतरतं). आणि तो सिंगल एंट्री तर नाही ना. जाताना लेओव्हरसाठी बॅग घ्यायला बाहेर पडलात तर ती एकमेव एंट्री तिथेच खर्च होते. परतीच्या लेओव्हरला किंवा पुढच्या मुक्कामाला काही उरत नाही. आत राहून केलेल्या ट्रान्झिटमध्ये एंट्री खर्च होत नाही.

काउंटरवर अडवलंच तर

समोरचा माणूस हट्टी आहे असं समजून भांडण्यात वेळ जातो. त्याच्या बाजूचं गणित असं आहे: चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि प्रवाशाला परत आणावंही लागतं. ब्रिटनमध्ये हा दंड प्रवाशामागे 2,000 पौंडांपर्यंत जातो. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानुसार किमान 3,000 युरो, किंवा कमाल मर्यादा 5,000 युरोंपेक्षा कमी नसलेली. म्हणून शंका आली की तो नाही म्हणतो.

त्याच्या पडद्यावर असतं ते आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेचं टिमॅटिक. त्यात पासपोर्ट, मार्ग आणि थांबा टाकला की नियम दिसतात. दोन तिकिटं असतील तर तो पहिल्या तिकिटाचं शहर अंतिम म्हणून टाकतो आणि उत्तर "व्हिसा हवा" असंच येतं. तेव्हा मागणी एकच करा: पुढचं तिकीट दाखवतो, लेओव्हरचं शहर ट्रान्झिट म्हणून टाकून पुन्हा बघा. सोबत हे कागद एकत्र, छापून: पुढच्या उड्डाणाचं ई-तिकीट, शक्य असेल तर त्याचा बोर्डिंग पास, अंतिम देशाचा व्हिसा, आणि त्या विमानतळाच्या संकेतस्थळावरचं ट्रान्सफर डेस्कबद्दलचं पान. नियम टिमॅटिकमध्ये तुमच्या बाजूने असूनही काउंटर ऐकत नसेल तर ड्यूटी मॅनेजर मागा. पण बॅगेला लेओव्हरच्या शहराची पट्टी लागलेली असेल तर त्याचंच बरोबर आहे. तिथे बॅग सोडा किंवा हातात घ्या, दुसरा मार्ग नाही.

हे करायला वेळ लागतो. दोन तिकिटांवर प्रवास असेल तर काउंटर उघडतानाच पोहोचा.

मधल्या विमानतळावर अडकलात तर

इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहू नका. व्हिसा नसताना तिथे पोहोचलात की प्रवेश नाकारल्याची नोंद होऊ शकते, आणि ती पुढच्या प्रत्येक अर्जात विचारली जाते. "कनेक्टिंग फ्लाइट्स"च्या पाट्यांमागून ट्रान्सफर डेस्क गाठा. आपल्या कंपनीचा डेस्क नसेल तर ज्या कंपनीने आणलं तिच्याकडे जा. तुम्हाला परत न्यायची जबाबदारी तिचीच असल्यामुळे तुमचा प्रश्न सुटण्यात तिचाही फायदा आहे. दुसऱ्या कंपनीला फोन लावून ट्रान्सफर डेस्कला पास द्यायला सांगता येतं का ते विचारा. बॅग पट्ट्यावर गेलेली असेल आणि पट्टी बदलून मिळत नसेल, तर ती मागे ठेवून पुढे जाणं हाही एक पर्याय आहे: हरवल्याची नव्हे, न उचलल्याची नोंद करा, पावतीचा फोटो ठेवा आणि नंतर कुरिअरने मागवा. खर्चिक आहे, पण दुसरं तिकीट बुडण्यापेक्षा बरेचदा स्वस्त.

ट्रान्सफरच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी पुन्हा सुरक्षा तपासणी असते. पहिल्या विमानतळावर घेतलेली ड्यूटी फ्री बाटली सीलबंद पिशवीत नसेल तर ती तिथेच जाते.

मार्ग बदलून दिला तर

सगळं नीट जमवलेलं असतं आणि विमान रद्द होतं. रात्री अॅपवर नवा मार्ग येतो, बटण दाबलं की मान्य. नवा मार्ग शोधणारी यंत्रणा जागा शोधते, तुमचे व्हिसे बघत नाही. लंडनऐवजी शिकागो, किंवा एका शेंगेन विमानतळाऐवजी दोन, असं सहज होतं. मान्य करण्याआधी प्रत्येक कोड वाचा, आणि नाकारायचं असेल तर कारण नेमकं सांगा: "या देशाचा व्हिसा नाही, दुसऱ्या देशातून द्या." एका तिकिटावर असाल तर दुसरा मार्ग देणं कंपनीचं काम आहे. मान्य केल्यावर नवा ई-तिकीट क्रमांक आला का ते बघा, नुसती बदललेली वेळ दिसणं पुरेसं नाही. बॅग आधीच दिलेली असेल तर नव्या मार्गाची पट्टी लागली का, हे ट्रान्सफर डेस्कवर पावती दाखवून विचारा.